काम थांबवणार कोण?

बांधकाम चालू असताना पूल कोसळला किंवा खोल खोदकाम खचलं, की चौकशी समिती नेमली जाते. ती दोन गोष्टी शोधते: गणित कुठे चुकलं आणि सही कुणाची होती. दोन्ही सापडतात. सही बऱ्याचदा साइटवरच्या प्रोजेक्ट इंजिनिअरची असते, नाहीतर त्याच्या हाताखालच्या एखाद्या तरुण सहकाऱ्याची. आणखी एक प्रश्न मात्र अहवालाच्या मागच्या पानांत राहून जातो. तडा दिसला, मोजमाप वाढलं, लोखंडातून आवाज आला, त्या घटकेला काम बंद करायची ताकद तिथे उभ्या असलेल्या कुणाच्या हातात होती का?

ही ताकद साइटवरच्या इंजिनिअरला मिळाली पाहिजे. करारात लिहून मिळाली पाहिजे, आणि थांबण्याचा खर्च कुणी सोसायचा हेही त्याच करारात ठरलं पाहिजे. आज ती कागदावर थोडीफार असते. कामाच्या रेट्यात ती कुणी वापरू शकत नाही, आणि वापरता येत नसलेल्या अधिकाराच्या भरवशावर आपण पूल, बोगदे आणि धरणं बांधतो आहोत.

प्रोजेक्ट इंजिनिअरचं काम बाहेरच्या माणसाला नीट दिसत नाही. लोकांना हेल्मेट घालून ड्रॉइंग बघणारा माणूस दिसतो. त्याचा खरा दिवस ड्रॉइंग आणि जमीन यांच्यातली तफावत मिटवण्यात जातो. ड्रॉइंगमध्ये खडक एका पातळीला असतो, बोअर घेतल्यावर तो दोन मीटर खाली लागतो. डिझायनरने सळया दाखवलेल्या असतात, पण त्या गर्दीत काँक्रीट घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई शिरत नाही. क्रेन एकच असते आणि तिच्यावर हक्क सांगणारे फोरमन तीन. त्यात रोजचा प्रगती अहवाल, महिन्याचं बिल, कन्सल्टंटला पाठवायची प्रश्नपत्रं, सब-काँट्रॅक्टरची भांडणं. या सगळ्यात दिवसातून अनेकदा एक छोटा निर्णय येतो: पुढे जायचं की थांबायचं. तो बहुतेक वेळा पुढे जायचाच घेतला जातो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो.

एक उदाहरण जवळून बघू. पुलाच्या पायासाठी पाइल, म्हणजे जमिनीत खडकापर्यंत उतरणारा काँक्रीटचा खांब, घ्यायची आहे. बोअर खडकापर्यंत गेलं आहे, भोकाच्या भिंती ढासळू नयेत म्हणून त्यात बेंटोनाइट या चिकणमातीचा द्राव भरलेला आहे, सळयांचा पिंजरा उतरवून झाला आहे. पिंजरा उतरवेपर्यंत द्रावातला गाळ हळूहळू बुडाशी बसतो, म्हणून काँक्रीट टाकण्याआधी पुन्हा फ्लशिंग करून तळ साफ करायचा आणि मग साउंडिंग घ्यायचं. टेपच्या टोकाला लोखंडी वजन बांधून ते आत सोडतात. तळ स्वच्छ असेल तर वजन खडकावर आपटल्याचा कडक ठोका टेपमधून हाताला जाणवतो. गाळ असेल तर ठोका येत नाही, वजन रुतत जातं, आणि वर ओढताना टेप किंचित जड लागतो. इंजिनिअरने हाताला लागलेली ती गोष्ट ओळखायची असते. रात्र झालेली असते. काँक्रीट आणणाऱ्या गाड्या, म्हणजे ट्रान्झिट मिक्सर, रांगेत उभे असतात आणि त्यांच्या पोटातलं काँक्रीट मिनिटामिनिटाने म्हातारं होत असतं. प्लांटवरून फोन येतो, पुढची गाडी पाठवू का? फोरमन म्हणतो, साहेब, दहा-बारा सेंटीमीटरच असेल, काँक्रीटच्या जोरानं वर येईल.

कधी तो गाळ खरंच वर येतोही. आला नाही तर पाइलच्या बुडाखाली मऊ थर राहतो, आणि वरून भार आला की खांब खचतो. एकदा ट्रेमी पाइपमधून, म्हणजे बुडापर्यंत सोडलेल्या नळीतून, काँक्रीट सोडायला सुरुवात झाली की मध्ये थांबता येत नाही. थांबलात तर पाइलच्या अंगातच सांधा पडतो आणि ती वाया जाते. म्हणजे थांबायची संधी पहिला मिक्सर रिकामा होण्याआधीच्या त्या थोड्या वेळातच असते. नंतर पाइलवर हातोडी मारून ध्वनिलहरींची चाचणी होईल, पण बुडाशी राहिलेला थोडा गाळ तिच्यात दिसेलच असं नाही. काँक्रीटच्या क्यूबचा, म्हणजे ताकद तपासायला भरून ठेवलेल्या नमुन्याच्या ठोकळ्याचा, अंतिम निकाल 28 दिवसांनी येतो, तोवर पाइलच्या डोक्यावरची काँक्रीटची टोपी, म्हणजे पाइल कॅप, झालेली असते आणि कदाचित खांबही वर निघालेला असतो.

या धंद्यात पुरावा नेहमी कामाच्या मागून येतो. म्हणून थांबायचं तर संशयावर थांबावं लागतं. हाताला लागलेला रुतणारा टेप, डोळ्याला दिसलेली केसाएवढी भेग, कालच्यापेक्षा चार मिलिमीटरने वाढलेलं इन्क्लिनोमीटरचं, म्हणजे जमिनीचं किंवा भिंतीचं झुकणं मोजणाऱ्या यंत्राचं, रीडिंग, एवढ्यावर. आणि संशयावर काम बंद करणाऱ्या माणसाला आपली सध्याची व्यवस्था सरळ शिक्षा करते.

ही शिक्षा कुणी दुष्टपणाने देत नाही, ती हिशेबातच बसलेली आहे. काँट्रॅक्टरला पैसे झालेल्या कामाचे मिळतात. क्रेन, बॅचिंग प्लांट, बार्ज यांचं भाडं यंत्र चालो वा उभं राहो, लागत राहतं. मायलस्टोन चुकला तर करारातल्या दरानं दिरंगाईचा दंड. क्लायंटच्या माणसाला उद्घाटनाची तारीख वरून आलेली असते. प्रोजेक्ट इंजिनिअरचं मूल्यमापन किती घनमीटर काँक्रीट झालं यावर होतं. त्याने अडवलेल्या चुकीच्या कामाचा रकाना प्रगती अहवालात नसतो, कारण अडवलेली दुर्घटना कुणाला दिसत नाही. वाया गेलेला मिक्सर मात्र सगळ्यांना दिसतो आणि त्याचं डेबिट कुणाच्या नावावर टाकायचं यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चा होते. एवढ्यावरही थांबणारे इंजिनिअर आहेत. मी असे पाहिले आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण सार्वजनिक सुरक्षितता एखाद्याच्या वैयक्तिक धैर्यावर टांगून ठेवणं मला मान्य नाही.

1907 साली कॅनडात क्वेबेकजवळ सेंट लॉरेन्स नदीवर कँटिलिव्हर पूल उभा राहत होता. मधला गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, 1800 फुटांचा, म्हणजे सुमारे 549 मीटरचा. मूळ आराखड्यात तो 1600 फुटांचा होता. गाळा वाढवला, पण वाढलेल्या लोखंडाचं वजन गणितात नीट धरलं गेलं नाही. थिओडोर कूपर हे नावाजलेले सल्लागार इंजिनिअर न्यूयॉर्कमध्ये बसून कामावर देखरेख करत होते. साइटवर त्यांचा माणूस होता नॉर्मन मॅक्लुअर, वयाने तरुण. ऑगस्टमध्ये दाब सोसणाऱ्या खालच्या लोखंडी पट्ट्या वाकताहेत असं त्याच्या मोजमापात दिसू लागलं. एका पट्टीचा बाक आठवडाभरात पाऊण इंचावरून सव्वादोन इंचांवर गेला. त्याने लिहिलं, कळवलं. लोखंड बनवणाऱ्या कंपनीकडून उत्तर आलं की त्या पट्ट्या मुळातच थोड्या वाकड्या आल्या असतील. कारखान्यातून वाकडी आलेली पट्टी आठवडाभरात आणखी वाकत नाही, हे त्याला कळत होतं. तरी काम बंद करायचं त्याच्या हातात नव्हतं. साइटवरच्या वरिष्ठांना भीती होती की काम थांबलं तर माणसं निघून जातील आणि हंगाम हातचा जाईल. शेवटी मॅक्लुअर रेल्वेने न्यूयॉर्कला गेला. 29 ऑगस्टला दुपारच्या सुमाराला कूपरनी त्याचं म्हणणं ऐकलं आणि तार केली: परिस्थितीचा विचार होईपर्यंत पुलावर आणखी भार टाकू नका. ती तार पेनसिल्व्हेनियात कंपनीच्या कचेरीत गेली. क्वेबेकच्या साइटवर निरोप पोचलाच नाही. संध्याकाळी साडेपाचनंतर, कामाचा दिवस संपता संपता, पूल नदीत गेला. त्यावर 86 माणसं होती, त्यांतली 75 मेली. मृतांमध्ये काहनवाके इथले मोहॉक जमातीचे 33 लोखंडकामगार होते.

या घटनेवर लिहिणारे कूपरच्या गणितावर बोट ठेवतात, आणि ते ठेवायलाच हवं. पण मला त्यातलं अंतर जास्त छळतं. ज्याच्या डोळ्यांसमोर लोखंड वाकत होतं त्याला थांबवता येत नव्हतं, आणि ज्याला थांबवता येत होतं तो शेकडो मैल दूर होता.

आता तार नाही, फोन आहे, व्हिडिओ कॉल आहे, म्हणून हे अंतर मिटलं असं कुणाला वाटेल. 2018 साली मायामीत एका विद्यापीठाजवळ पादचारी पूल बांधला जात होता. 10 मार्चला त्याचा मुख्य गाळा आठपदरी रस्त्यावर बसवला. एका टोकाच्या सांध्यात भेगा पडल्या आणि त्या वाढत गेल्या. 13 मार्चला डिझायनर कंपनीच्या इंजिनिअरने राज्याच्या वाहतूक खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या टेबलावरच्या फोनवर निरोप ठेवला: भेगा आहेत, पण सुरक्षिततेचा प्रश्न दिसत नाही. तो कर्मचारी बाहेरगावी होता. त्याने निरोप ऐकला तेव्हा पूल पडून गेला होता. 15 तारखेला सकाळी सगळे संबंधित बैठकीला बसले, भेगांची चर्चा झाली, आणि त्याच दुपारी पूल खालच्या चालू रस्त्यावर कोसळला. सहा जण मेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढच्या वर्षी अहवाल दिला. डिझाइनमधल्या चुका त्यात आहेतच, पण एवढ्या भेगा दिसत असताना बैठकीतल्या एकाही पक्षाने रस्ता बंद केला नाही, हाही त्यातला ठपका आहे.

ही प्रकरणं शेजारीशेजारी ठेवून वाचताना एक गोष्ट मला वारंवार दिसते. थांबता येत नाही तेव्हा माणसं दुरुस्ती करायला लागतात. मायामीत पूल पडला त्या घटकेला कामगार वर चढून भेगा पडलेल्या भागातल्या सळया पुन्हा ताणत होते, आणि खालून गाड्या जात होत्या. 1970 साली मेलबर्नच्या वेस्ट गेट पुलावर एका गाळ्याचे दोन अर्धे भाग वर चढवल्यावर त्यांच्या उंचीत सुमारे 114 मिलिमीटरचा फरक निघाला. उंच भाग खाली दाबण्यासाठी त्यावर काँक्रीटचे मोठे ठोकळे ठेवले, त्याने पोलादी पत्रा फुगला. तो फुगा बसवण्यासाठी बोल्ट काढायला घेतले आणि 15 ऑक्टोबरला गाळा खाली आला. 35 माणसं गेली. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात 93 मीटर उंचीचं मातीचं टेटन धरण 1976 साली पहिल्यांदाच भरलं जात होतं. 5 जूनला सकाळी भिंतीतून गढूळ पाणी येताना दिसलं. बुलडोझर घालून भोकात माती लोटायचा प्रयत्न झाला, भोकाने बुलडोझरही गिळले, आणि दुपारी बाराच्या सुमाराला धरण फुटलं. अकरा जण मेले.

सिंगापूरच्या निकोल हायवेलगतचं 2004 मधलं मेट्रोचं खोदकाम तर मी प्रत्येक नव्या इंजिनिअरला वाचायला लावीन. खड्डा 30 मीटरपर्यंत खोल गेला होता. भिंती आत झुकत असल्याचं रीडिंगमध्ये दिसत होतं. रीडिंग धोक्याच्या पातळीपलीकडे गेली तेव्हा नव्याने गणित मांडून धोक्याची पातळीच वर सरकवली गेली. 20 एप्रिलला सकाळपासून आडव्या आधारांतून धातूचे धप्प असे आवाज येत होते आणि जोड वाकताना लोकांना दिसत होते. त्यांना मजबुती देण्याची खटपट चालली. दुपारी साडेतीनच्या सुमाराला सगळी आधारव्यवस्था कोसळली, रस्ता खचला, चार जण मेले. सकाळचे आवाज आणि दुपारचं कोसळणं यांत कित्येक तास होते. तेवढ्या तासांत खड्डा रिकामा करता आला असता.

ही सगळी माणसं बेफिकीर होती असं मला वाटत नाही. उलट ती झटत होती. पण दुरुस्ती करायला कुणाची परवानगी लागत नाही, ती कामातच मोडते. थांबायला मात्र वरच्या तीन-चार माणसांचं एकमत लागतं. इंजिनिअरच्या हातात जे आहे ते तो करतो. भेग दिसली की ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ गिलावा, भर, जोड वाकला की पट्टी वेल्ड कर. यामुळे सर्वांत धोक्याच्या वेळी सर्वांत जास्त माणसं धोक्याच्या जागी गोळा होतात.

याला पहिला आक्षेप येतो तो खर्चाचा. कुणीही उठून काम थांबवायला लागला तर प्रकल्प पुरा कसा होणार? आक्षेप खोटा नाही. चुकीच्या शंकेवर कामं थांबतील, त्यांचे पैसे जातील. पण आपण आजही थांबण्याचे पैसे देतोच. पावसाचे दिवस, जमीन ताब्यात न येणं, ड्रॉइंग उशिरा मिळणं यांसाठी करारात मुदतवाढीची कलमं असतात. निविदा भरताना अनुभवी काँट्रॅक्टर पावसाचे दिवस धरूनच बार चार्ट बनवतो. मग सुरक्षिततेच्या शंकेसाठी काही तास का धरू नयेत? ते धरलेले नसतात, म्हणूनच पाइलच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पोराला प्रत्येक थांबणं चोरी केल्यासारखं वाटतं.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो. साइटवरच्या इंजिनिअरकडे डिझाइनचं पूर्ण गणित नसतं. भेग धोक्याची की निरुपद्रवी हे तो कसं ठरवणार? तो ठरवणार नाही. थांबवणं आणि निदान करणं ही दोन वेगळी कामं आहेत. त्याने एवढंच म्हणायचं: अपेक्षित नसलेलं काहीतरी दिसतंय, कुणीतरी जाणकार लेखी सांगेपर्यंत इथे भार वाढवायचा नाही आणि खाली माणूस ठेवायचा नाही. त्यानंतर सिद्ध करायची जबाबदारी पुढे जायचं म्हणणाऱ्यावर यावी. आज हे उलटं आहे. धोका आहे हे संशय घेणाऱ्याने सिद्ध करायचं, तेही साधनं आणि वेळ नसताना.

सध्याच्या नियमांत याची बीजं आहेत, पण ती पुरी पडत नाहीत. फिडिक या सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या करारनमुन्यांत काम झाकण्याआधी तपासणीची सूचना देण्याचं कलम आहे, आणि न कळवता झाकलं तर स्वतःच्या खर्चाने उघडून दाखवावं लागतं. गुणवत्ता आराखड्यात होल्ड पॉइंट असतात, म्हणजे तपासणीची सही झाल्याशिवाय पुढची पायरी नाही. पण होल्ड पॉइंट आधी ठरवलेल्या टप्प्यांवर असतात. अनपेक्षित भेग तो टप्पा पाहून पडत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1981 च्या 155 क्रमांकाच्या आणि 1988 च्या बांधकामाविषयीच्या 167 क्रमांकाच्या करारांनी कामगाराला गंभीर, समोर ठाकलेल्या धोक्यापासून स्वतः दूर होण्याचा हक्क दिला आहे. ती मोठीच मिळकत आहे. मात्र तो हक्क स्वतःच्या जिवापुरता आहे. पाइलच्या बुडाशी गाळ राहिला तर त्या रात्री कुणाच्याच जिवाला धोका नसतो. धोका असतो तो पुढे कधीतरी त्या पुलावरून जाणाऱ्यांना, आणि त्यांच्या वतीने थांबणाऱ्या माणसाला हे करार संरक्षण देत नाहीत.

असा अधिकार व्यवहारात आणता येतो याचा दाखलाही आहे. 1972 साली इंग्लंडमध्ये लॉडन नदीवरच्या पुलाचं काँक्रीट ओतताना खालचा तात्पुरता सांगाडा कोसळून तीन जण मेले. त्यानंतर नेमलेल्या ब्रॅग समितीने 1975 मध्ये अंतिम अहवाल दिला, आणि त्यातून ब्रिटिश कामांवर तात्पुरत्या कामांचा समन्वयक ही जागा रुजली. सांगाड्यावर भार टाकायची परवानगी त्याच्या सहीशिवाय निघत नाही, तो काढायचीही नाही. म्हणजे एका माणसाचं नाव, एक कागद, आणि तो कागद नसेल तर पंप सुरू होत नाही. सुरुवातीला त्याचाही अडथळा वाटला असेल. आज तो रोजच्या कामाचा भाग आहे.

हेच तत्त्व मुख्य कामाला लावायला काय हवं? सगळ्यांत आधी, थांबवणाऱ्याचा पगार आणि बढती उत्पादनाच्या साखळीत असता कामा नये. गुणवत्तेचा इंजिनिअर प्रोजेक्ट मॅनेजरला उत्तरदायी असेल, तर महिनाअखेरीस तो काय सही करणार हे सगळ्यांना माहीत असतं. त्याची साखळी वेगळी, थेट मुख्यालयात किंवा क्लायंटने नेमलेल्या स्वतंत्र संस्थेत जावी. काम थांबवलं की कारण दोन ओळींत लिहायचं, आणि काम पुन्हा सुरू करणाऱ्यानेही कारण लिहायचं, नाव आणि वेळ घालून. तोंडी "चालू करा" चालणार नाही. शंका प्रामाणिक होती पण चुकीची निघाली, तर त्या थांबण्याचा खर्च करारातल्या ठरलेल्या तरतुदीतून जावा, कुणाच्या नावावर डेबिट पडू नये. खरा कस इथेच लागेल, कारण चुकीची निघालेली शंका माफ झाली नाही तर बरोबर असलेली शंकाही कुणी बोलून दाखवणार नाही.

आणि थांबता येण्याची सोय बांधकामाच्या क्रमातही असावी लागते. टेटनला पाणी ओसरवायला लागणारे मुख्य निकासमार्ग अजून तयार नव्हते, तरी जलाशय भरत होता. रोज एक फूट चढू द्यायचं ही आधीची मर्यादाही शिथिल केली होती. त्या सकाळी कुणी कितीही ठामपणे थांबा म्हटलं असतं, तरी पाणी उतरवायला पुरेसा रस्ताच नव्हता. म्हणून पद्धतीचा आराखडा मंजूर करतानाच विचारायला हवं: या पायरीवर गडबड दिसली तर मागे कसं यायचं? गर्डर अर्धा सरकवलेला असताना, खड्डा निम्मा खोदलेला असताना, जलाशय निम्मा भरलेला असताना? उत्तर नसेल तर ती पायरी सुरू करू नये.

सार्वजनिक पैशातून होणाऱ्या कामांत हे सगळं निविदेतच घालता येईल, त्याला नवा कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. मालक सरकार किंवा सरकारी महामंडळ असतं, कराराचा मसुदाही त्यांचाच असतो. परिमाणपत्रकात, म्हणजे कामाच्या बाबी आणि त्यांची मापं यांच्या यादीत, खोदकाम, काँक्रीट, सळई यांच्या बाबी असतात, तशी सुरक्षिततेसाठी थांबलेल्या तासांची एक बाब घालावी, दर ठरवून, सगळ्या निविदाकारांना सारखा. मग कमी दराची निविदा भरणाऱ्याला ते तास गाळून स्वस्त होता येणार नाही, आणि दर महिन्याच्या बिलात किती तास थांबलो आणि का, हे लेखापरीक्षकालाही वाचता येईल. एखाद्या मोठ्या कामावर वर्षभर तो रकाना शून्य दिसला, तर त्या साइटवर पहिली तपासणी तिथूनच सुरू करावी.